पाव मैल, सोळा मीटर

मोटारींच्या शर्यती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वळणे येतात. अमेरिकेत मात्र वळण नसलेली एक शर्यत गेली पंचाहत्तर वर्षे चालू आहे. सरळ पट्टा, त्यावर शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या, आणि पुढे पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबाने ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचे. जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत जाईल, दुसरा गाडी बांधून घरी. हिला ड्रॅग रेस म्हणतात. आमच्या आखाडा बाळापूरच्या किंवा पैनगंगेपलीकडच्या माणसाला ती समजावून सांगायला मला कधीच फार वेळ लागत नाही. 'मोटारींचा शंकरपट' एवढे म्हटले की पुरते. उभ्या जागेवरून सुटणे, सरळ रेषा, काही सेकंदांचा खेळ, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून होणारी भांडणे: सगळे तेच. पटात कुठे एकच जोडी घड्याळाशी झुंजते, कुठे दोन जोड्या शेजारी पळतात. ड्रॅग रेसमध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात, म्हणून तिथे प्रत्येक धावेचे दोन आकडे नोंदवतात. एक, लागलेला वेळ, आणि दुसरा, शेवटच्या टोकाला असलेला वेग. गंमत म्हणजे कमी वेळात अंतर कापूनही माणूस हरू शकतो, कारण तो दिवा लागल्यावर उशिरा सुटलेला असतो. पटाच्या धुरकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मी या गाड्यांच्या लहान प्रतिकृती करतो. वीसेक वर्षे करतो आहे. माझे औपचारिक शिक्षण आयटीआयच्या टर्नर शाखेपर्यंत झाले, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर हाताला होता. इंग्रजी पुढे शब्दकोश घेऊन शिकलो. ते शिकायला लावले नांदेडच्या एका रद्दीच्या दुकानात मिळालेल्या जुन्या अमेरिकन मोटार-मासिकांनी. पण हा लेख माझ्या छंदाची कहाणी नव्हे. मला त्यातून एक गोष्ट मांडायची आहे: प्रतिकृती करणे ही वस्तूला प्रश्न विचारण्याची रीत आहे, आणि काही प्रश्न दुसऱ्या कोणत्याही रीतीने सुचतच नाहीत.

आधी थोडा इतिहास, तोही धावता. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्यांचे वजन उतरवून वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर वेग आजमावत. युद्ध संपले, विमानतळांच्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या, आणि या मंडळींना जवळच डांबरी, सरळ जागा सापडली. सांता आना येथील विमानतळावर १९५० मध्ये तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावरच्या उनाडक्यांना नियमांची वेसण घातली. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय शर्यत भरली. पाव मैल हे अंतर असे ठरले आणि टिकले. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा चालक अपघातात गेला, त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी ते कमी करून हजार फूट केले गेले, हे मात्र नोंदवायला हवे.

आता मापाकडे येतो, कारण या कलेचा प्राण मापात आहे. मोटारींच्या प्रतिकृतींची रूढ प्रमाणे दोन: एकास चोवीस आणि एकास पंचवीस. शिकागोची मोनोग्राम कंपनी पहिले वापरी. अर्धा इंच म्हणजे एक फूट, असा त्याचा सोपा हिशेब. मिशिगनची एएमटी आणि कॅलिफोर्नियाची रेव्हेल यांनी बहुतेक दुसरे स्वीकारले. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या आपल्या विक्रेत्यांच्या टेबलावर ठेवायला छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्या करून घेत, त्या एकास पंचवीसच्या होत्या, आणि घरी जोडायचे संच त्याच वाटेने बाजारात आले. दोन्ही प्रमाणांत फरक फक्त चार टक्क्यांचा. पण २०० इंच लांबीच्या गाडीत तो साडेआठ मिलिमीटर होतो, आणि एका संचाचे इंजिन दुसऱ्या संचाच्या सांगाड्यात बसवले की डोळ्याला खुपते.

मला एकास पंचवीस प्रिय आहे, आणि त्याचे कारण निव्वळ अंकगणिती आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पंचविसाने भागा, १.०१६ येते. म्हणजे अमेरिकेतला एक इंच माझ्या टेबलावर जवळजवळ नेमका एक मिलिमीटर होतो. त्यांचे जुने लेख, आराखडे सगळे इंचांत. माझी पट्टी मिलिमीटरची. दोन भाषांमधला दुभाषा हे प्रमाणच झाले. याच हिशेबाने पाव मैलाची अख्खी धावपट्टी १६ मीटरची होते. आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याच्या दारापासून परसातल्या आडापर्यंत साधारण तेवढेच अंतर आहे. वजनाचा हिशेब आणखी मजेशीर. लांबी पंचविसावा भाग झाली की वजन पंधरा हजार सहाशे पंचविसावा भाग होते. सहाशे किलोची गाडी अडतीस ग्रॅमची. म्हणजे सुपारीच्या चार-पाच खांडांइतकी.

संचात मिळते ते प्लॅस्टिक पुरेसे नसते. साच्यातून काढायचे म्हणून नळ्या जाड, तारा गायब, चाके भरीव. मग खरी जोडणी सुरू होते, आणि त्यासाठी लागणारे सामान परदेशातूनच यावे लागते अशी समजूत आहे. ती खरी नाही. बाळापूरच्या बाजारात त्यातले बरेचसे मिळते, फक्त ते कोणत्या दुकानात कोणत्या नावाने असते हे ठाऊक हवे. उदाहरण देतो. त्या गाड्यांचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला असे, आणि त्यातल्या पुष्कळ नळ्या सव्वा इंच व्यासाच्या. प्रमाणात त्या १.२७ मिलिमीटर होतात. औषधाच्या दुकानात मिळणारी अठरा गेजची इंजेक्शनची सुई बाहेरून नेमकी १.२७ मिलिमीटर असते. तीही पोलादी, तीही पोकळ. जनावरांच्या डॉक्टरकडे ती रोजची वस्तू. स्पार्क प्लगची वायर साधारण आठ मिलिमीटर जाड, म्हणजे प्रमाणात ०.३२. मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तीस गेजची तांब्याची तार ०.३१५ भरते, आणि तिच्यावर आधीच मुलामा असतो. इथे एक सावधगिरी: सुईचा गेज आणि तारेचा गेज यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही जुन्या इंग्रजी कारखानदारीची अपत्ये, पण भावंडे म्हणून सारखी वागत नाहीत. आकडा विसरावा आणि कॅलिपर लावावा.

बाकीचे फुटकळ. उदबत्तीच्या काडीतून सरळ, एकसारखी बांबूची काडी मिळते, ती साचे धरायला चांगली. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी उष्णतारोधक पत्र्यासाठी. रिकाम्या बॉलपेनच्या पितळी टोकातून इंधनाचे तोंड. यांची यादी वाढवण्यात अर्थ नाही. ज्याला ही नजर येते त्याला बाजार वेगळाच दिसू लागतो, आणि दुकानदार आधी हसतात, मग काउंटरखालून स्वतःच काहीबाही काढून दाखवू लागतात.

काही गोष्टी मात्र प्रमाणात लहान होतच नाहीत. या गाड्यांची पुढची चाके सायकलसारखी बारीक आणि आऱ्यांची. दोन मिलिमीटरचा आरा पंचविसाने भागला की ०.०८ येतो, म्हणजे माणसाच्या केसाएवढा. तो करता येतो, पण डोळ्याला दिसत नाही, आणि दिसला नाही तर चाक फसवे वाटते. म्हणून मी मासेमारीचा थोडा जाड नायलॉन धागा वापरतो. इथे माप हरते आणि नजर जिंकते. तसेच रंगाचे. साठच्या दशकात गाड्यांना चमकीचा रंग देत, लखलखणारे कण असलेला. खरे कण वापरले तर ते लहान गाडीवर फरशीच्या तुकड्यांएवढे दिसतात. रांगोळीची चमकी तर विचारूच नका. त्यासाठी अभ्रकाची अगदी पिठासारखी भुकटी लागते, आणि तीही पारदर्शक रंगाच्या दोन थरांच्या मध्ये. प्रकाशाचा कण लहान करता येत नाही, ही अडचण प्रत्येक प्रतिकृतीकाराला कधी ना कधी भेटते.

इंजिनाजवळ थोडे थांबू. पन्नास-साठच्या दशकांतल्या जबर ड्रॅग गाड्यांचे काळीज बहुधा क्रायस्लर कंपनीचे 'हेमी' इंजिन असे. आधी ३९२ घनइंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे, आणि १९६४ पासून ४२६ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे. हेमी म्हणजे अर्धगोल. सिलिंडरच्या डोक्यावरची जळण्याची जागा अर्ध्या गोलासारखी असल्याने झडपा मोठ्या बसतात आणि स्पार्क प्लग माथ्यावर, मधोमध येतो. प्रतिकृतीत याचा परिणाम असा की प्लगच्या वायरी झडपांवरच्या झाकणाच्या मधल्या छिद्रांत उतरायला हव्यात, बाजूला नव्हे. कुठल्याही प्रदर्शनातली हेमी गाडी पाहताना मी आधी तिथेच बघतो. प्रज्वलनाचा क्रम एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन; विषम सिलिंडर चालकाच्या डाव्या हाताला, सम उजव्या. आठ तारा या क्रमाने लावल्या की त्या एकमेकींना एका ठरावीक तऱ्हेने ओलांडतात, आणि तो गुंता जुन्या छायाचित्रातल्या गुंत्याशी जुळतो. हा जुळण्याचा क्षण मला रंगापेक्षा मोठा वाटतो.

इंजिनावर बसवलेला हवेचा पंप, म्हणजे ब्लोअर, याची जन्मकथा आपल्या शेतकऱ्याला आवडावी. त्याचे नाव ६-७१. जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनात सहा सिलिंडर आणि प्रत्येक ७१ घनइंचांचा, म्हणून ६-७१. ते इंजिन ट्रक, बोटी, बुलडोझर यांत चालत असे. दोन-स्ट्रोकचे असल्याने त्याला धूर बाहेर लोटायला आणि ताजी हवा आत घ्यायला पंप लागायचाच. पोरांनी तो भंगारातून उचलला आणि शर्यतीच्या इंजिनावर चढवला. म्हणजे या झगझगीत गाडीच्या डोक्यावरचा मुकुट मुळात राबणाऱ्या यंत्राचा भाग आहे. इंधन नायट्रोमिथेन. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, नायट्रोमिथेनला १.७ पुरतात, कारण प्राणवायूचा काही वाटा त्याच्या रेणूतच असतो. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येते, आणि तेवढेच जास्त काही फुटू शकते.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला तो. या गाड्यांमध्ये चालक कुठे बसायचा?

१९५४ च्या सुमारास 'स्लिंगशॉट' नावाची रचना आली. मिकी थॉम्पसन यांना तिचे श्रेय देतात. इंजिन पुढे, त्यामागे मोठी मागची चाके, आणि चालक त्यांच्याही मागे, आसाच्या पलीकडे लटकलेला. गलोलीच्या चामड्यात खडा बसतो तसा, म्हणूनच ते नाव. छायाचित्रात ही बैठक धाडसी दिसते. प्रतिकृती करताना तिचे कारण हाताला कळते. गाडी झेप घेते तेव्हा तिचा भार मागे सरकतो, आणि मागच्या टायरांवर जितका भार जास्त तितकी पकड जास्त. माणसाचे सत्तर-ऐंशी किलो आसाच्या मागे टांगले की तेही पकडीच्या कामाला येतात. मी सांगाडा तयार झाल्यावर इंजिन आणि चालकाच्या जागी प्रमाणातले वजन ठेवून गाडी दोन टाचण्यांवर तोलून पाहतो. बैठक आसाच्या पुढे आणली की तोल लगेच पुढे जातो. त्या मंडळींनी माणसाला भार म्हणून वापरले होते. आमच्याकडे गाडीत उलाळ झाली की धुरकरी पुढे सरकतो आणि दाबाड झाली की मागे. त्याच शहाणपणाचे हे टोक.

पण टेबलावर ती गाडी जोडताना आणखी एक गोष्ट दिसते, जी छायाचित्रात सहसा दिसत नाही. सगळे भाग बसवल्यावर चालकाच्या मांड्यांच्या मधोमध काय येते? क्लच आणि गिअर यांची पेटी, आणि तिच्यामागे मागच्या आसाचे जाड पोलाद. समोर इंजिन, ज्यातून उडालेले तेल आणि ज्वाला वाऱ्याने थेट तोंडावर येणार. बारीक चिमट्याने चालकाची आकृती त्या फटीत बसवताना पाय ठेवायला जागाच उरत नाही. ती आकृती मी नेहमी शेवटी बसवतो, आणि दरवेळी हात थबकतो.

डॉन गार्लिट्स हा फ्लोरिडाचा माणूस. आपल्या गाड्यांना 'स्वॅम्प रॅट', दलदलीतला उंदीर, असे नाव आणि क्रमांक देत असे. ऑगस्ट १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या ग्रेट मेडोज येथे त्याने ताशी २०१.३४ मैल, म्हणजे ३२४ किलोमीटर वेग नोंदवला. स्लिंगशॉटचा तो बादशहाच. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचजवळच्या लायन्स धावपट्टीवर सुटताक्षणी त्याच्या गाडीची गिअरपेटी फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले. त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. गार्लिट्सने इस्पितळातच ठरवले की आता इंजिन माणसाच्या मागे जाईल.

कल्पना नवी नव्हती. मागे इंजिन असलेल्या ड्रॅग गाड्या त्याआधी अनेकांनी केल्या होत्या, आणि त्या सरळ पळत नसत, झोकांड्या खात, म्हणून चालक त्यांना भीत. गार्लिट्स आणि त्याच्या सोबत्यांना सुरुवातीला तेच भोगावे लागले. उपाय अगदी साधा निघाला: सुकाणू मंद करणे. चालक आता इंजिनाच्या पुढे बसला होता. स्लिंगशॉटमध्ये गाडीचे ढुंगण सरकले की सर्वांत मागे बसलेल्या चालकाला ते लगेच जाणवे आणि तो सुकाणू हलवी. पुढे बसल्यावर ती जाणीव उशिरा येते, मग हात जास्त फिरतो, आणि गाडी भरकटते. सुकाणूचे गुणोत्तर बदलून तेवढ्याच हाताच्या फेऱ्याला चाक कमी वळेल असे केले, आणि गाडी सरळ पळू लागली. १९७१ च्या आरंभी पोमोना येथील विंटरनॅशनल्स ही स्पर्धा 'स्वॅम्प रॅट १४' ने जिंकली. काही वर्षांतच स्लिंगशॉट मैदानातून नाहीशी झाली. किती माणसे त्यामुळे वाचली याची मोजदाद कोणी करू शकत नाही, पण पाय आणि गिअरपेटी यांची ती गाठ सुटली.

माझ्या कपाटात या दोन गाड्या शेजारी आहेत. शाळेतली मुले येतात तेव्हा मी त्यांना विचारतो, यांतली नवी कोणती. बहुतेक मुले बरोबर सांगतात. मग विचारतो, जुनी करणाऱ्याला एवढी साधी गोष्ट का सुचली नाही? यावर वर्ग गप्प होतो. उत्तर त्या सुकाणूच्या एका छोट्या दांडीत आहे. तिची लांबी प्रतिकृतीत अर्धा मिलिमीटर बदलावी लागते, आणि ती मुलांना भिंगातून दाखवावी लागते.

बंदीचाही एक धडा या गाड्यांत गोठलेला आहे. १९५७ मध्ये असोसिएशनने नायट्रोमिथेनसारख्या इंधनांना आपल्या स्पर्धांतून हद्दपार केले आणि फक्त पेट्रोल चालेल असे सांगितले. ती बंदी १९६३ पर्यंत टिकली. ताकद इंधनातून मिळेना, तेव्हा लोकांनी ती इंजिनांच्या संख्येतून काढली. दोन इंजिनांच्या गाड्या आल्या. टॉमी आयव्हो नावाच्या तरुणाने, जो दूरचित्रवाणीवर नटही होता, चार ब्यूइक इंजिनांची गाडी केली, दोन पुढची चाके फिरवणारी, दोन मागची. बंदी उठली आणि या गाड्यांना अर्थच उरला नाही. प्रतिकृतीकारांना त्या फार आवडतात. नियम माणसाच्या हातून काय काय घडवून घेतो, हे त्यांच्यात उघडे दिसते.

यापुढे एक अवघड प्रश्न येतो. कोणत्या दिवसाची गाडी करायची? ड्रॅग गाडी कधी पूर्ण होत नसे. या शनिवारी ती निळी, पुढल्या महिन्यात नवा मालक, नवे नाव, सांगाडा मध्येच कापून सहा इंच वाढवलेला. एक्झॉस्टच्या नळ्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला खाली वळत, पुढे त्या वर आणि मागे वळवल्या गेल्या, म्हणजे टायरांचा धूर उडून जाईल. एवढ्या एका खुणेवरून छायाचित्राचे वर्ष बरेचसे सांगता येते. बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. ज्या संग्रहालयांत आहेत त्यांतल्या अनेक नंतर दुरुस्त केलेल्या, रंगवलेल्या. फ्लोरिडातल्या ओकालाला गार्लिट्सने स्वतःचे संग्रहालय केले, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये त्याची १९८६ ची बंदिस्त नाकाची 'स्वॅम्प रॅट ३०' आहे. हे भाग्य फार थोड्यांना. बाकीच्यांसाठी उरतात छायाचित्रे, आणि तीही बहुधा एकाच बाजूची, कारण छायाचित्रकार ठरलेल्या जागी उभा राही. गाडीची दुसरी बाजू अनुमानाने करावी लागते. टायरचा व्यास ठाऊक असेल तर त्यावरून छायाचित्रातली बाकीची मापे काढता येतात, पण कॅमेरा तिरका असेल तर लांबचे चाक लहान दिसते आणि हिशेब चुकवते. मी प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक वही ठेवतो: कोणते माप मोजलेले, कोणते छायाचित्रावरून काढलेले, कोणते अंदाजाचे. इतिहासकाराने तळटीपा द्याव्यात तशा. वही नसलेली प्रतिकृती सुंदर असेल, पुरावा नसते.

खेळणे आणि खरी गाडी यांचे नाते एकेरी आहे असेही समजू नये. १९७० मध्ये डॉन प्रुधोम आणि टॉम मॅकइवन या दोन चालकांना मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने पैसा दिला, तिच्या दोन वर्षांपूर्वी आलेल्या 'हॉट व्हील्स' गाड्यांच्या जाहिरातीसाठी. एकाचे टोपणनाव साप, दुसऱ्याचे मुंगूस. सापाची गाडी पिवळी, मुंगसाची लाल. गारुड्याच्या खेळावर वाढलेल्या आपल्याला यातली नाट्यमयता सांगायला नको. मुलांच्या खिशातल्या तीन इंची गाड्यांनी खऱ्या गाड्यांना पोसले. आज आमच्या इथल्या जनरल स्टोअरमध्येही हॉट व्हील्स लटकलेल्या दिसतात, विकणाऱ्याला साप-मुंगसाची गोष्ट ठाऊक नसली तरी.

मला विचारतात, आणि विचारणे रास्तच आहे, की हिंगोली जिल्ह्यात बसून अमेरिकेच्या गाड्या कशाला? प्रतिकृतींची परंपरा आपल्याकडेही आहेच. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्य घालून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, ज्यांत शिवाजी महाराज बुरुजाहून उंच असतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथले प्रमाण मानाचे असते, मापाचे नाही. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल करून पूजतात. त्यांचे वशिंड नेहमी खऱ्यापेक्षा मोठे. या सगळ्यांत भाव आहे. मोजमापाची सवय मात्र मला त्या परक्या गाड्यांनी लावली, आणि ती लागल्यावर मी आपल्या वस्तूंकडे वळलो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलांच्या हालाचा प्रश्न खरा आहे, आणि अटी काटेकोर पाळल्या जाव्यात असेच माझे मत आहे. पण माझे लक्ष दुसरीकडे होते. मधल्या साडेसात वर्षांत पटाच्या हलक्या गाड्या गोठ्यांत, वळचणीला पडून राहिल्या. काहींचे जळण झाले. करणारे सुतार थकले, काही गेले. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा नव्या गाड्या आल्या, त्यांत लोखंडी नळ्या, वेल्डिंग, मोटारसायकलची बेअरिंग. वाईट आहेत असे नाही. ड्रॅग गाडीवाल्यांनीही भंगारातला ब्लोअर उचललाच होता. पण जुनी गाडी कशी होती हे आता विचारले तर म्हातारे हात पसरून दाखवतात: एवढी.

म्हणून दोन वर्षांपूर्वीपासून मी गावोगाव जाऊन उरलेल्या लाकडी गाड्या मोजतो आहे. तुंब्याचा व्यास, आऱ्यांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर, धावेच्या पट्टीची रुंदी, जुवाची लांबी, शिवळांच्या छिद्रांमधले अंतर, धुरकरी जिथे पाय रोवतो तिथली झीज. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवत आणि पाणी ओतत. निवताना ती आकसे आणि सगळे लाकूड आवळून धरी, खिळा न मारता. प्रतिकृतीत मी तेच करून पाहिले. पोलादाची अरुंद पट्टी वळवून, जोडून, चाकापेक्षा किंचित लहान कडी केली आणि ती मेणबत्तीवर तापवली. पण पोलाद शंभर अंश तापले तर हजारात जेमतेम सव्वा भाग वाढते. चाळीस मिलिमीटरच्या कडीत ती वाढ ०.०५ मिलिमीटर, केसाहूनही कमी. लोहार धाव लालबुंद करतो ते उगाच नाही. पाचशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय माझी कडी चाकावर बसली नाही, आणि तेवढी तापवली की लहान लाकूड क्षणात करपू लागते. मोठ्या चाकालाही धाव चढवताना धूर निघतो, पण त्याच्या लाकडात सोसायला जाडी असते. पाणी ओतायची घाई कशासाठी, हे मला त्या दिवशी कळले.

आतापर्यंत अकरा गाड्या मोजून झाल्या आहेत, त्यांतल्या चार कळमनुरी तालुक्यातल्या, बाकी पैनगंगेच्या पलीकडच्या. प्रतिकृती एकास पंचवीसमध्येच करतो आहे, म्हणजे त्या स्वॅम्प रॅटच्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही एकाच मापाने पाहता येतील. अकरापैकी एका गाडीत आख मधोमध नसून चार बोटे मागे आहे. मालक म्हणतो, सुताराची चूक. मला तसे वाटत नाही. आख मागे गेला की गाडीचा भार धुरेवरून जुवावर येतो, आणि सुटताना जू मानेवरून उधळत नाही. ज्या सुताराने ती केली त्याचा मुलगा वारंगा फाट्याच्या बाजूला राहतो असे कळले आहे. पोळ्यानंतर त्याच्याकडे जाणार होतो, ते पावसाने राहिले.